धाकटीचा हात

"थोरलीच्या खुर्चीत बसलं की डोकं चढतं बाई, आणि धाकटीच्या बेसिनला टेकलं की उतरतं. मग मी म्हणते, आधी ती खुर्ची हवीच कशाला?"

मोरीच्या पडद्याआड कंगवे धुणारी ताई जागच्या जागी थिजली. पडदा कसला, एका जुन्या चादरीचा अर्धा तुकडा. पलीकडे बँकेतली रोखपालबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बसली होती आणि शेजारच्या टेलरीणबाईंच्या कानाशी लागली होती. हळू आवाजात, म्हणजे तिच्या मते हळू. काचेच्या खिडकीपलीकडच्या माणसांशी बोलण्यात जन्म गेलेला, त्यामुळे तिची कुजबुज रस्त्यावरच्या माणसालाही फुकट ऐकता येई.

"अगं हळू. ताई आत आहे."

"असू दे ना. मी काय वाईट बोलले? केस कापावेत तर तिनेच. पण प्रश्न किती! रक्तदाब बघितला का, मुलाला प्रवेश मिळाला का, यांचा खोकला इतके दिवस कसा काय राहिला. येते मी धडधाकट, आणि उठते ती आजारी होऊन."

ताईने नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजात बाकीचं वाहून गेलं. जे ऐकायचं नव्हतं ते मात्र आधीच ऐकून झालं होतं.

पार्लर ताईचं. दारावरची पाटी ताईची, आरसा ताईने निवडलेला, कात्र्या तर तिच्या इतक्या लाडक्या की नवऱ्याने एकदा एकीने दोरा कापला तर दोन दिवस घरात अबोला होता. अरुंद, लांबुळकी खोली. पुढे आरशासमोर दोन खुर्च्या, त्यातली एक गिऱ्हाइकाची आणि एक वाट बघणाऱ्याची. एक पायरी चढून मागे बेसिन, त्याच्या कडेला मान टेकायला खाच, वर पाणी तापवायचा हीटर. पुढचं राज्य ताईचं, पायरीवरचं धाकटीचं. धाकटीचं घरातलं नाव चिमी. आता वयाने ती चिमी उरली नव्हती, पण ताईच्या तोंडून ते नाव काही सुटत नव्हतं.

आईवडील लवकर गेले. चिमीला अंघोळ घालणं, तिच्या वेण्या घालणं, शाळेच्या दारात सोडून तिचा हात सुटेपर्यंत उभं राहणं, सगळं ताईनेच केलं. लग्न झालं तेव्हा ताईने नवऱ्याला बजावून सांगितलं, "मी येते ती धाकटीला घेऊन." नवरा इलेक्ट्रिशियन, मुळातच कमी बोलणारा. तो म्हणाला, "मग खोलीत एक दिवा जास्त लावतो." एवढाच त्याचा होकार.

पार्लरमध्ये चिमी आधी केर काढायची, टॉवेल वाळत घालायची. मग केस धुवायला लागली. एक दिवस रात्रपाळी करून आलेली एक नर्स बेसिनला मान टेकल्या टेकल्या झोपून गेली आणि उठली ती म्हणाली, "माझं डोकं कुठे गेलं?" सकाळपासून ठणकत होतं, आणि आता जागेवर नव्हतंच जणू. तिने हॉस्पिटलमध्ये सांगितलं. तिथून ते गावभर झालं. मग मुलाखतीला जाणाऱ्या मुली येऊ लागल्या, निकालाच्या आदल्या दिवशी आया येऊ लागल्या, घरात कुणाचं ऑपरेशन ठरलेलं अशा बायका येऊ लागल्या. "केस धुवायचेत" म्हणायच्या. केस सकाळीच धुतलेले असायचे, ओलेसुद्धा असायचे कधीकधी. काळजीने डोकं दुखतंय, असं कुणी चारचौघांत म्हणत नाही. केस धुवायचेत असं म्हणता येतं.

चिमी काही मोठं करायची असंही नाही. कोमट पाणी आधी मानेवर सोडायची, टाळूवर नाही. मग कानांच्या मागे बोटं, मग कानशिलांवर तळवे, सावकाश, कणीक मळून झाल्यावर आपण गोळ्यावर हात ठेवतो ना, तेवढाच भार. बोलायची एकच गोष्ट. "दात सोडा." बाई म्हणायची, "मी कुठे आवळलेत?" आणि तेवढ्यात तिच्या लक्षात यायचं की आवळलेत, घट्ट, देव जाणे कधीपासून. जबडा सुटायचा, खांदे कानांपासून खाली यायचे, एक लांब श्वास बाहेर पडायचा. त्यानंतर चिमी गप्प. पाणी तेवढं बोलायचं.

हे सगळं ताई आरशातून बघायची. बघायचं नाही असं ठरवून बघायची.

केस कापून उठलेली बाई आरशात स्वतःकडे बघते आणि म्हणते, "छान." बेसिनवरून उठलेली बाई चिमीकडे बघते, आणि काहीच म्हणत नाही, नुसता तिचा हात धरते. हा फरक ताईला सुईसारखा टोचायचा. चिमीसाठी कुणी हाताला लावायचं क्रीम आणायचं, कुणी स्वतः विणलेला स्वेटर, कुणी कुंडीत लावलेलं रोप. ती रोपं खिडकीत ओळीने उभी असायची आणि ताईला वाटायचं, ती आपल्याकडेच बघतायत. तिने त्यांना पाणी घालणं बंद केलं. चिमी घालायचीच, त्यामुळे ती मेली काही वाळली नाहीत.

आणि ताईचं स्वतःचं डोकं. ते दुपारी सुरू व्हायचं. मानेतून वर चढायचं, कानांवरून फिरून कपाळाशी गाठ मारायचं, लहान मापाची टोपी कुणी ओढून बसवावी तसं. दाराची घंटी वाजली, कुणी आत डोकावून "धाकटी आहे ना?" म्हणालं, की गाठ आणखी एक पीळ घ्यायची. बाम झाला, गोळ्या झाल्या, कपाळाला रुमाल बांधून झाला. चष्म्याचा नंबर बघून झाला, तो होता तिथेच होता. शेवटी नवरा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी सगळं नीट तपासलं. "घाबरण्यासारखं काही नाही. काळजीचं दुखणं आहे. मान, खांदे, जबडा, सगळे स्नायू तुम्ही दिवसभर आवळून ठेवता. झोप नीट घ्या, मधूनमधून उठून चाला, काळजी कमी करा."

"काळजी कमी करा म्हणजे काय करू? नळ आहे का तो?"

डॉक्टर हसले. "मग कुणाकडून तरी मान चोळून घ्या. कोमट पाण्याने शेकून. आहे का घरात कुणी असं, हाताला चांगलं?"

"नाही," ताई म्हणाली.

शेजारी बसलेला नवरा समोरच्या भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचायला लागला. वरपासून खालपर्यंत, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. घरी येताना रस्त्यात एवढंच म्हणाला, "काखेत कळसा."

"काय म्हणालात?"

"काही नाही. रिक्षा बघतोय."

तशातच टेलरीणबाईंनी बातमी आणली. ब्लाउजची बाही बेतावी तशी आधी इकडून, मग तिकडून माप घेत म्हणाल्या, "काय गं ताई, हमरस्त्यावरचं ते नवीन काचेचं सलोन बघितलंस? तिथली मालकीण तुमच्याकडे केस धुवून गेली म्हणे. धाकटीला मागितलंय त्यांनी. स्वतंत्र खोली देणार, नुसती डोकी उतरवायला. महिनाअखेरीपर्यंत सांग म्हणाल्यात."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. ठाऊक काय, कपाळ.

त्या दिवशी जेवताना तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. नवरा मान वर न करता भाताचा डोंगर करून त्यात खड्डा पाडत होता. चिमीने आमटी वाढली, "ताई, अजून घे," म्हणाली, जशी रोज म्हणायची. म्हणजे यांनाही ठाऊक. ही यांना सांगते, मला नाही. ताईच्या घशाशी प्रश्न आला आणि तिने तो घासाबरोबर गिळला. विचारलं तर ती 'जाते' म्हणेल. नाही विचारलं तर निदान विचारलेलं नाही. तिघंही मूग गिळून भात जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लर उघडायला ताई एकटीच पुढे गेली. मीटरशेजारच्या बोर्डाचं झाकण उघडलं, हीटरचा खटका खाली केला आणि झाकण लावून टाकलं. चिमी आली तेव्हा म्हणाली, "हीटर गेला बाई. आता केस धुणं बंद. फवारा मारून कापू."

चिमीने हीटरकडे बघितलं, मग ताईकडे. "बरं," म्हणाली आणि केरसुणी घेतली.

ताईला वाटलं होतं, चला, आता बरं वाटेल. दोन दिवस वाटलंही. येणारीला ताईच्याच खुर्चीत बसावं लागायचं. पण बसलेली बाई आरशातून ताईकडे न बघता पायरीकडे बघायची, आणि निघताना म्हणायची, "हीटर झाला की कळवा हं." ताईचं डोकं आता सकाळपासूनच दुखायला लागलं.

चिमीने घरी सांगितलंच असणार, कारण तिसऱ्या दिवशी नवरा हत्यारांची पेटी घेऊन हजर. ताई घाईने पुढे झाली. "अहो, तुम्हाला कामं आहेत, राहू दे."

"हेही कामच आहे." त्याने स्टुलावर चढून हीटर उघडला, आत बघितलं, बंद केला. मग बोर्डाचं झाकण उघडलं. आणि तिथे बराच वेळ तसाच उभा राहिला, पाठमोरा. ताई कात्री पुसत राहिली. पुसून पुसून कात्री पातळ व्हायची वेळ आली. शेवटी टक् असा आवाज झाला.

"आतली वायर जळाली होती," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "बदलली."

पेटी त्याने उघडलीच नव्हती.

"बरं झालं, भावजी," चिमी म्हणाली. ती पण भिंतीकडेच बघत होती.

दुसऱ्या सकाळी खटका पुन्हा खाली. यावेळी नवऱ्याला कळलं तेव्हा तो पेटी घेऊन आलाच नाही. म्हणाला, "त्याला एक पार्ट लागतो. मिळेल तेव्हा मिळेल." ताईला त्याचा इतका राग आला! खोटं पकडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हे दोघं मिळून तिच्या खोट्याला पांघरूण घालत होते, आणि त्या पांघरुणाखाली ती गुदमरत होती.

त्याच आठवड्यात शाळेतल्या बाई आल्या. परीक्षा झालेल्या, पेपर तपासायचे ढीग, वरून मुख्याध्यापकांचा तगादा. डोळे बारीक करून दारातच उभ्या राहिल्या. "केस धुवायचेत."

"हीटर बंद आहे. पण बसा ना! मी देते डोकं दाबून. त्यात काय एवढं?"

चिमी टॉवेलच्या घड्या घालत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुढची घडी पडली.

बाई खुर्चीत बसल्या, सरळ, आरशासमोर. ताई मागे उभी राहिली. इतकी वर्षं आरशातून बघितलं होतं, कानामागे बोटं, कानशिलांवर तळवे, सगळं पाठ. पण आरशात पाठ केलेलं उलटं असतं हे तिच्या ध्यानात आलं नाही. शिवाय चिमी काम करायची ती मान टेकलेल्या माणसावर, डोक्याचा सगळा भार खाचेत सोडलेला. इथे बाईंचं डोकं त्यांच्याच मानेवर, आणि ताईच्या प्रत्येक दाबाबरोबर ती मान बिचारी उलट जोर लावत होती. कात्रीने ताईच्या अंगठ्याला घट्टा पडलेला, त्यात केस अडकायचे. "स्स!" बाई म्हणाल्या.

"दुखलं? इथे? का इथे? आता कमी झालं का?"

"हं."

"हं म्हणजे झालं का नाही झालं? दात सोडा. सोडलेत का? मला दिसत नाहीये. उलटी वगैरे होत नाही ना? माझ्या एका गिऱ्हाइकाचं असंच व्हायचं, आणि मग निघालं भलतंच... नाही नाही, तुमचं तसं नसेल! पण दाखवलंत का कुणाला? आता कमी वाटतंय?"

आरशातल्या बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. "भलतंच म्हणजे काय निघालं?" त्यांनी विचारलं.

जाताना त्या चिमीजवळ थांबल्या. चिमीने त्यांच्या मानेवर नुसता हात ठेवला, एक श्वास घेईपर्यंत, आणि बाईंचे खांदे खाली आले. बस्स. एवढ्यात काम झालं. ताईच्या अंगाची लाही लाही झाली. तिने फवाऱ्याची बाटली इतक्या जोरात ठेवली की आरशावर पाणी उडालं.

महिना संपत आला. त्या दुपारी खुर्चीत रोखपालबाई होती, कपाळावर येणारे केस एका रेघेत कापून घ्यायला. ही रेघ म्हणजे ताईचा अभिमान. डोळे मिटून कापली तरी पट्टीने आखल्यासारखी. पण त्या दिवशी टोपी इतकी आवळली होती की आरशातल्या वस्तूंच्या कडा थरथरत होत्या. कात्री चालली, थांबली, पुन्हा चालली. ताईने कंगवा बाजूला घेतला आणि बघितलं. रेघ डावीकडे उतरली होती. चांगली बोटभर.

रोखपालबाईनेही बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा ती खरोखर हळू आवाजात बोलली. "असू दे ताई. केसच आहेत, वाढतील."

ती गेल्यावर ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. ओरडली असती ती बाई, गावभर बोभाटा केला असता, तर परवडलं असतं. कीव नको होती.

चिमीने दार आतून लावून घेतलं. मग ती बोर्डापाशी गेली, झाकण उघडलं आणि खटका वर केला. शोधावा लागला नाही तिला. हीटरचा लाल दिवा लागला.

"ये," ती म्हणाली.

"हीटर..."

"चालू आहे. ये ना."

ताईला नाही म्हणायचं होतं. पण त्यासाठी मान हलवावी लागली असती, आणि मान हलत नव्हती. ती पायरी चढली. इतक्या वर्षांत ती बेसिनपुढच्या या खुर्चीत बसली नव्हती. धुतली होती, पुसली होती, हिचं कातडं तिनेच बदलून घेतलं होतं, बसली मात्र नव्हती. मान खाचेत टेकली आणि वर चिमीचा चेहरा आला, उलटा. हनुवटी वर, कपाळ खाली. असा चेहरा तिने कधी बघितला नव्हता. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या होत्या. माझ्या चिमीला सुरकुत्या कधी आल्या?

पाणी मानेवर आलं.

"दात सोड."

"सोडलेत."

"नाही सोडलेस."

नव्हतेच सोडले. सोडले तेव्हा कानाच्या मागे कुठेतरी कट् असं वाजलं. चिमीची बोटं तिथे आधीच पोचली होती. ताईने डोळे मिटले, आणि तिला पहिल्यांदा कळलं की काय असतं हे. इतकं असतं? इतकं सुख ही रोज वाटत होती, रोखपालबाईला, नर्सला, कुठल्या कुठल्या परक्या बायांना? इतके दिवस ताईला चिमीचा हेवा वाटत होता. आता त्या बायांचा वाटायला लागला, एकेकीचा, तोंड आठवून आठवून.

"गावाला दिलंस सगळं," ती म्हणाली. आवाज तिचाच, पण पाण्याखालून आल्यासारखा. "मला एकदा नाही म्हणालीस, ये म्हणून."

"म्हणाले होते. अगदी सुरुवातीला. तू म्हणालीस, लाड पुरे, आधी तो केर काढ."

ताईला हसू आलं. ते अर्ध्यात बिघडलं आणि कानशिलावरून खाली वाहिलं. चिमीने ते पाण्याबरोबर पुसून घेतलं.

तळवे कानशिलांवर आले. तेवढाच भार. बाहेर कुणीतरी दार लोटून बघितलं, बंद आहे म्हणून पावलं परत गेली. चिमीने मान वळवली नाही.

"काचवाल्यांना काय सांगितलंस?"

बोटं थांबली नाहीत, फक्त मंदावली. "अजून काही नाही. उद्या सांगायचंय."

"जायचंय तुला?"

"मला ठाऊक नाही, ताई. तू काही बोलशील म्हणून थांबले होते. तू खटका खाली केलास. म्हटलं, हे पण बोलणंच आहे. पण याचं उत्तर कसं द्यायचं तेच कळेना."

"माझ्या पोटात दुखतं, चिमे. तुझ्याकडे बघून."

"माहीत आहे."

"यांनाही?"

"भावजी तर म्हणाले, आपण बोलायचं नाही, तिला वाईट वाटेल."

म्हणजे सगळेच तिला जपत होते, आणि ती आपली सगळ्यांवर जळत होती. चिमीचे अंगठे मानेच्या मुळाशी उतरले, तिथल्या गाठीवर थांबले, दाबलं नाही, नुसते थांबले. गाठ थोडा वेळ हटून बसली. मग तिचा एकेक पीळ सुटत गेला आणि डोकं खाचेत जड झालं. तेव्हा ताईने डोळे उघडले. त्या उलट्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं.

"माझ्याकडे कुणी येतच नाही गं," ती म्हणाली. "किती वर्षं झाली. सगळ्या तुझ्याकडे येतात, आणि आल्यासारखं दिसावं म्हणून माझ्याकडून केस कापून घेतात. हे दुकान माझं नाही, चिमे. तुझं आहे."